दूरचित्रवाणीवरील विज्ञान कार्यक्रम

वैज्ञानिक संकल्पना, प्रयोग, शोधांचा इतिहास किंवा निसर्गातील घडामोडी सर्वसामान्य प्रेक्षकांना, विशेषतः शालेय वयाच्या मुलांना, समजतील आणि त्यांचे कुतूहल जागे होईल अशा रीतीने मांडणारे दूरचित्रवाणी कार्यक्रम. अभ्यासक्रमाला धरून चालणारे शैक्षणिक प्रसारण आणि परीक्षेशी संबंध नसलेल्या मालिका असे त्यांचे दोन प्रवाह असून, मुलांना विज्ञानाची गोडी लावण्याचे श्रेय सहसा दुसऱ्या प्रवाहाकडे जाते.

अमेरिकेत 1951 मध्ये सुरू झालेल्या ‘वॉच मिस्टर विझर्ड’ या कार्यक्रमात डॉन हर्बर्ट एखाद्या मुलाला किंवा मुलीला हाताशी घेऊन घरातल्या वस्तूंनी प्रयोग करून दाखवीत. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1825 साली सुरू झालेली मुलांसाठीची नाताळ व्याख्याने 1966 पासून नियमितपणे छोट्या पडद्यावर आली. कार्ल सेगन यांच्या ‘कॉसमॉस’ या तेरा भागांच्या मालिकेने 1980 मध्ये या प्रकाराला भव्यता दिली.

भारतातील सुरुवात मात्र घराघरांतून नव्हे, तर गावातल्या सामाईक संचासमोर झाली. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात ‘साइट’ या उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणी पोहोचवण्याच्या प्रयोगात नासाच्या एटीएस-6 उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत कार्यक्रम थेट पोहोचवण्यात आले. महाराष्ट्राचा त्या सहा राज्यांत समावेश नव्हता. तथापि मुलांसाठीच्या विज्ञान कार्यक्रमांपैकी काही इस्रोच्या मुंबईतील स्टुडिओत तयार झाले. सकाळचे दीड तासाचे शालेय प्रसारण चार भाषांत वाटलेले असल्याने प्रत्येक भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे येत. या प्रयोगाची धुरा वाहणाऱ्या अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक होते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांवर (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांवर) काम केलेले प्रा. यश पाल (1926–2017), आणि पुढे तेच भारतीय विज्ञान कार्यक्रमांचा सर्वांत ओळखीचा चेहरा ठरले.

दूरदर्शनच्या ‘टर्निंग पॉइंट’ या मालिकेत प्रेक्षकांनी पाठवलेल्या प्रश्नांना ते उत्तरे देत. प्रश्न साधा म्हणून तो उडवून न लावणे, उत्तर देताना स्वतःही विचारात पडणे आणि सूत्राआधी अनुभवाकडे जाणे ही त्यांची पद्धत होती. या मालिकेचे खरे बळ चित्रीकरणापेक्षा या संवादात होते, असे म्हणावे लागते. 24 ऑक्टोबर 1995 रोजी, दिवाळीतल्या आश्विन अमावास्येला, राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात खग्रास सूर्यग्रहण दिसले. दूरदर्शनने ते थेट दाखवले आणि यश पाल यांनी त्याचे निवेदन केले. ग्रहणाचे वेध पाळून दारे-खिडक्या लावून बसण्याची रीत असलेल्या घरांतही सूर्याभोवतीची प्रभा (करोना) आणि हिऱ्याच्या अंगठीसारखा दिसणारा प्रकाशबिंदू त्या सकाळी पडद्यावर पाहता आला. याच काळात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांची खगोलशास्त्रावरील ‘ब्रह्मांड’ ही हिंदी मालिकाही दूरदर्शनवर दाखवली गेली. त्याआधीच्या ‘भारत की छाप’ (1989) या चंदिता मुखर्जी दिग्दर्शित तेरा भागांच्या मालिकेने उपखंडातील विज्ञान-तंत्रज्ञानाचा इतिहास मांडला होता.

प्रयोग दाखवणे सोपे असते. त्याचे कारण सांगताना गफलत होते. याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे ताटलीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती उभी करून तिच्यावर पेला पालथा घालण्याचा प्रयोग. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात चढते आणि ‘ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली’ असे निवेदक सांगून मोकळा होतो. वास्तविक ज्वलनात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होत असते, आणि पाणी मुख्यतः ज्योत विझल्यानंतर भराभर चढते, कारण तापून प्रसरण पावलेली हवा तेव्हा थंड होऊन आकुंचन पावते. पेला ठेवताना काठाशी सुटणारे बुडबुडेही तेच सांगतात. कॅमेरा त्या काठावर स्थिर धरला, तर निवेदकाचे म्हणणे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येते. चटकन कापलेल्या, पार्श्वसंगीताने भरलेल्या दृश्यांत नेमके तेवढेच राहून जाते.

अशा कार्यक्रमांचा परिणाम मोजणे कठीण आहे. संशोधक झालेल्या अनेकांच्या आठवणींत एखादी मालिका असते. पण तीच मालिका पाहून दुसरीकडे वळलेल्यांची नोंद कोणी ठेवत नाही. ‘साइट’च्या मूल्यमापनात मुलांची भाषा सुधारल्याचे आणि माहिती मिळवण्याची ओढ वाढल्याचे आढळले, शालेय गुणांत मात्र ठळक फरक पडला नाही. म्हणूनच पडदा बंद झाल्यानंतरच्या व्यवस्थेला महत्त्व येते. ‘मिस्टर विझर्ड’च्या नावाने अमेरिकेत हजारो विज्ञान मंडळे निघाली. मुंबई दूरदर्शनवर आकाशानंद यांच्या ‘ज्ञानदीप’ या कार्यक्रमाभोवतीही गावोगावी प्रेक्षकांची मंडळे उभी राहिली होती. तो कार्यक्रम निव्वळ विज्ञानाचा नव्हता. ‘साइट’मध्ये प्राथमिक शिक्षकांच्या विज्ञान प्रशिक्षणासाठी दूरचित्रवाणीला रेडिओची आणि वर्गात करून पाहण्याच्या कृतींची जोड देण्यात आली होती.