एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची प्रोफेशनल लीग) इतकी मोठी झाली ती कशामुळे

आधी अमेरिकन फुटबॉल म्हणजे कॉलेजवाल्यांचा खेळ, पैसे घेऊन खेळणं जरा हलकंच समजायचे. 1892 ला पिट्सबर्गच्या एका क्लबने हेफेलफिंगर नावाच्या तगड्या गड्याला एका मॅचचे 500 डॉलर गुपचूप दिले, त्याने टचडाऊन (चेंडू समोरच्यांच्या हद्दीच्या टोकापर्यंत नेऊन गुण) करून मॅच काढूनही दिली, आणि बऱ्याच वर्षांनी क्लबच्या हिशोबात ती नोंद सापडली म्हणून तो पहिला प्रोफेशनल खेळाडू धरतात.

लीग सुरू झाली 1920 ला, ओहायोतल्या कँटनमध्ये, ते पण कुठे तर राल्फ हे यांच्या गाड्यांच्या शोरूममध्ये! खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून काही जण गाड्यांच्या पायरीवर बसले. एनएफएल हे नाव 1922 चं. पुढची काही वर्षं टीम यायच्या आणि बंद पडायच्या, छोट्या गावांतल्या तर जवळपास सगळ्याच गेल्या, टिकली फक्त ग्रीन बे, कारण ती टीम गावातल्या लोकांनी शेअर घेऊन जगवली.

माझ्या मते खरी गंमत पुढे आहे. फिलाडेल्फियाचा मालक बर्ट बेल, त्याची टीम सारखी हरायची आणि चांगली पोरं श्रीमंत टीमकडे जायची, म्हणून त्याने ड्राफ्टची आयडिया काढली, म्हणजे शेवटी आलेल्याने नवा खेळाडू आधी निवडायचा, आयपीएलसारखी बोली वगैरे काही नाही. 1936 ला पहिला ड्राफ्ट झाला, आणि पहिल्या नंबरवर निवडलेला बर्वँगर एनएफएलमध्ये एकही मॅच खेळला नाही, हे वेगळंच 😄

मग टीव्ही आला. 1958 ची बाल्टिमोर विरुद्ध न्यूयॉर्क फायनल ओव्हरटाइममध्ये गेली, 23-17, आणि लोकांना कळलं की हा खेळ घरबसल्या बघायला जबरदस्त आहे, प्रत्येक चालीनंतर खेळ थांबतो, रिप्लेला वेळ, जाहिरातींना पण वेळ. कमिशनर म्हणजे लीगचा प्रमुख पीट रोझेलने मालकांना पटवलं की टीव्हीचे हक्क एकत्र विकू आणि पैसे सारखे वाटू. न्यूयॉर्क, शिकागोवाल्यांना एकट्याने कितीतरी जास्त मिळाले असते, तरी ते तयार झाले! 1961 ला त्यासाठी कायदाच करून घेतला. म्हणून लाखभर वस्तीचं ग्रीन बे आजही न्यूयॉर्कच्या बरोबरीने खेळतं, आणि 1967 चा पहिला सुपर बोल (सीझनची शेवटची मोठी फायनल) जिंकला तोही त्यांनीच (त्या मॅचला स्टेडियम भरलं नव्हतं, आज खरं वाटत नाही).

1994 ला पगारावर पण कॅप आली, त्यामुळे पैसा ओतून सगळे स्टार एकाच टीमने गोळा करायचे हे जमत नाही. वर रेग्युलर सीझनला टीममागे फक्त 17 मॅच, एक हरली तरी आठवडाभर गावाचा मूड खराब.

डोक्याला मार लागून मेंदूवर होणारा परिणाम 2002 नंतर बाहेर आला, माजी खेळाडू माईक वेबस्टरच्या पोस्टमॉर्टममुळे, माजी खेळाडूंनी लीगला कोर्टात खेचलं, तरी बघणारे काही कमी झाले नाहीत, 2024 चा सुपर बोल अमेरिकेत 12 कोटींपेक्षा जास्त लोकांनी बघितला.