प्रौढ-संरक्षण, चर्चच्या सेवाकार्यातील

ख्रिस्ती मंडळीच्या धर्मसेवेत, म्हणजे उपासना, पापनिवेदन, आध्यात्मिक मार्गदर्शन, रुग्णभेट, वृद्धाश्रम, रिट्रीट (एकांतातील साधनाशिबिर), मठवास आणि स्वयंसेवा यांच्या ओघात, अठरा वर्षांवरील व्यक्तीला शारीरिक, लैंगिक, मानसिक, आर्थिक वा आध्यात्मिक इजा होऊ नये आणि झाल्यास तिची दखल घेतली जावी, यासाठी असलेले नियम, पदे व कार्यपद्धती. बहुतेक चर्चांत बालसंरक्षणाची व्यवस्था आधी उभी राहिली आणि प्रौढांसाठीची व्यवस्था तिला मागाहून जोडली गेली. त्यातून एक अडचण सुरुवातीपासून राहिली. अज्ञान (अल्पवयीन) मुलाची संमती कायदा ग्राह्य धरत नाही. प्रौढाची मात्र गृहीत धरतो. ज्याच्यापुढे गुडघे टेकून पापे सांगायची, त्याला दिलेली संमती कितपत खरी मानायची, हा या विषयातला कळीचा प्रश्न आहे.

उगम : याविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार ही संकल्पना विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधील समाजकल्याण खात्यांकडून चर्चमध्ये आली. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने 2000 मध्ये असुरक्षित प्रौढांच्या संरक्षणाबाबत मार्गदर्शिका काढली आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या बिशपसभेने 2006 मध्ये प्रौढांसाठी स्वतंत्र धोरण प्रसिद्ध केले. दुसरे मत तिची मुळे कॅथलिक धर्मकायद्यात शोधते. आजच्या पदांपुरते पाहिले तर पहिले मत बरोबर आहे. पण प्रश्नाचे वय पाहू जाता दुसऱ्या मताकडे अधिक पुरावा आहे.

स्पेनमधील एल्व्हिरा येथील धर्मसभेचा काळ साधारणपणे इ. स. 300 ते 306 असा धरतात. काही अभ्यासक तो थोडा पुढे नेतात, तर काहींच्या मते तिचे नियम एकाच सभेचे नसून मागाहून एकत्र केलेले आहेत. तिच्या अठराव्या नियमानुसार व्यभिचार करणाऱ्या बिशप, धर्मगुरू वा डीकनला (धर्मगुरूच्या खालच्या सेवकाला) मरतेसमयीही कम्युनियन (प्रभुभोजनाचा संस्कार) नाकारले आहे. शिक्षा कठोर आहे, पण जिच्याशी तो वागला तिचा विचार त्यात नाही. गुन्हा पदाच्या पावित्र्याविरुद्धचा मानला गेला, आणि हीच दृष्टी पुढे शतकानुशतके टिकली.

पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरूने लैंगिक मागणी करणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून पुढे येतो तो सोळाव्या शतकात. पोप चौथे पायस यांनी 1561 मध्ये असे खटले चालवण्याचा अधिकार स्पेनच्या इन्क्विझिशनला, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायासनाला, दिला. पोप पंधरावे ग्रेगरी यांनी 1622 मध्ये त्याची व्याप्ती वाढवली. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी 1741 च्या आदेशात नियम एकत्र करून पक्के केले. या आदेशाने दोन गोष्टी ठरवल्या. मागणी झालेल्या व्यक्तीने ती वरिष्ठांना कळवणे बंधनकारक झाले. आणि स्वतःच्याच पापातील साथीदाराला धर्मगुरूने दिलेली पापक्षमा, मरणसमय वगळता, निरर्थक ठरली. या खटल्यांतल्या तक्रारदार मुख्यतः प्रौढ स्त्रिया होत्या. त्यामुळे प्रौढांचे संरक्षण ही अलीकडची भर आहे, हे म्हणणे पूर्णपणे मान्य करता येत नाही.

पापनिवेदनाची लाकडी कोठी याच काळातली. तिचे श्रेय सामान्यतः मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांना देतात. त्यांच्याआधीही काही ठिकाणी आडपडदा वापरात असावा, मात्र तपशीलवार मोजमाप देणारी सूचना त्यांच्या 1577 च्या चर्चबांधणीविषयक पुस्तिकेत मिळते : धर्मगुरू आणि पापनिवेदन करणारी व्यक्ती यांच्यामध्ये फळी, फळीत खिडकी, खिडकीला बारीक छिद्रांचा पत्रा आणि धर्मगुरूच्या बाजूने पातळ कापड. आवाज पलीकडे जावा, हात जाऊ नये, अशी ही रचना. 1614 च्या रोमन विधिग्रंथाने कोठी चर्चमध्ये उघड, सर्वांना दिसेल अशा जागी असावी असे सांगितले, आणि 1983 च्या कॅथलिक धर्मसंहितेचा 964 वा नियम आजही पक्क्या जाळीचा आग्रह धरतो. बंद खोलीत एकट्याने भेटू नये, दाराला काच असावी, हे आजच्या धोरणांतले नियम याच विचाराचे वारस आहेत.

गोव्याच्या इन्क्विझिशनचा (1560–1812) भर मुख्यतः नवख्रिस्ती लोकांच्या जुन्या चालीरीतींवर होता. न्यायासन बंद झाल्यावर त्याचे बहुतेक कागद नष्ट करण्यात आले, त्यामुळे पापनिवेदनातील मागणीच्या खटल्यांचा तिथला माग काढणे कठीण आहे.

व्याख्येचा वाद : इजेचा धोका व्यक्तीत असतो की नात्यात, यावर आधुनिक वाद केंद्रित झाला आहे. इंग्लंडच्या 2014 च्या केअर ॲक्टमध्ये काळजी वा आधाराची गरज असलेली, त्या गरजेमुळे स्वतःचे रक्षण करू न शकणारी व्यक्ती अभिप्रेत आहे. चर्च ऑफ इंग्लंडचा 2016 चा कायदा पुढे जातो. आजार, अपंगत्व व वार्धक्य यांबरोबर भावनिक खचलेपणही तो मोजतो आणि ही अवस्था तात्पुरती असू शकते असे स्पष्ट म्हणतो. नवऱ्याच्या निधनानंतर महिनाभर रोज चर्चमध्ये येऊन बसणारी, एरवी बँकेत अधिकारी असलेली स्त्री पहिल्या व्याख्येत बहुधा बसणार नाही, दुसरीत बसेल.

तरीही दोन्ही व्याख्या दुर्बलता पीडितेकडेच शोधतात. अमेरिकेत 1977 मध्ये सिएटल येथे संस्था स्थापन करणाऱ्या मेरी फॉर्च्यून यांनी वेगळी मांडणी केली : पाळक आणि मंडळीतील व्यक्ती यांच्यातील लैंगिक संबंध हे प्रेमप्रकरण नसून व्यावसायिक मर्यादेचे उल्लंघन आहे, आणि सत्तेच्या विषमतेमुळे तेथे अर्थपूर्ण संमती संभवत नाही. मिनेसोटासह अमेरिकेतील काही राज्यांनी अशा वर्तनाला फौजदारी गुन्हा ठरवले आहे. बेलर विद्यापीठातील डायना गार्लंड यांच्या अभ्यासानुसार (2009), महिन्यातून एकदा तरी उपासनेला जाणाऱ्या अमेरिकी स्त्रियांपैकी सुमारे 3 टक्के स्त्रियांना प्रौढ वयात कधी ना कधी धर्मनेत्याच्या लैंगिक गैरवर्तनाला तोंड द्यावे लागले होते. फॉर्च्यून यांची मांडणी प्रत्यक्ष प्रकरणांशी अधिक जुळते. पीडित व्यक्ती बहुतेकदा धडधाकट, शिकलेल्या आणि स्वतःच्या संसारात वा कामात स्थिर असलेल्या दिसतात.

इंग्लंडमधील लुईस व नंतर ग्लॉस्टर येथील बिशप पीटर बॉल यांच्याकडे आलेले तरुण वर्षभर प्रार्थनामय जीवन जगण्याच्या योजनेत स्वखुशीने दाखल झाले होते. उघड्या अंगाने प्रार्थना, थंड पाण्याचे स्नान, फटके या गोष्टी त्यांच्यासमोर तपश्चर्या म्हणून ठेवल्या गेल्या. 1993 मध्ये प्रकरण पोलिसांच्या तंबीवर आणि राजीनाम्यावर मिटले. शिक्षा झाली 2015 मध्ये, 32 महिन्यांची. फ्रान्समध्ये 1964 साली सुरू झालेल्या लार्श या संस्थेचे संस्थापक ज्याँ व्हानिए यांच्याबाबत संस्थेनेच नेमलेल्या अभ्यासगटाने 2023 मध्ये, ज्यांच्याशी त्यांनी लैंगिक वा शारीरिक जवळीक साधली अशा किमान 25 स्त्रियांची नोंद केली. त्या सर्व प्रौढ होत्या आणि संस्थेत राहणाऱ्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींपैकी कोणी नव्हत्या. आध्यात्मिक मार्गदर्शन घ्यायला त्या आल्या होत्या.

कॅथलिक धर्मकायदा : 2001 आणि 2010 च्या नियमांत ज्याचा निवाडा रोमकडे राखून ठेवला तो लैंगिक शोषणाचा गुन्हा अज्ञान मुलांपुरता, आणि नंतर विचारशक्ती कायमची अपुरी असलेल्या व्यक्तींपर्यंत, मर्यादित होता. पोप फ्रान्सिस यांनी फेब्रुवारी 2019 मध्ये धर्मगुरू व बिशपांकडून धर्मभगिनींचे शोषण झाल्याचे जाहीरपणे मान्य केले. त्याच वर्षीच्या मे महिन्यातील ‘व्हॉस एस्टिस लक्स मुंडी’ या आदेशाने अधिकाराचा गैरवापर करून केलेली लैंगिक सक्तीही तक्रारीच्या कक्षेत आणली. 8 डिसेंबर 2021 पासून लागू झालेल्या सुधारित दंडसंहितेच्या 1395 व्या नियमात बळ आणि धमकी यांच्या बरोबरीने ‘अधिकाराचा गैरवापर’ हे शब्द आले. त्यांची नेमकी मर्यादा धर्मकायद्याच्या जाणकारांत अजून वादाची आहे. हा गुन्हा आजही ‘सहाव्या आज्ञेविरुद्धचा’ (दहा आज्ञांतील ‘व्यभिचार करू नको’ हिच्याविरुद्धचा) म्हणूनच नोंदला जातो. एल्व्हिराची दृष्टी तिथे पुरती सुटलेली नाही.

कार्यपद्धती : इंग्लंडमध्ये धर्मप्रांताच्या आणि स्थानिक चर्चच्या पातळीवर संरक्षण-अधिकारी असतात, नेमणुकीपूर्वी पार्श्वभूमीची तपासणी होते, नोंदी लेखी ठेवल्या जातात. बालसंरक्षणाहून मोठा फरक संमतीचा. 2005 च्या मानसिक क्षमता कायद्यानुसार प्रौढ व्यक्ती निर्णयक्षम आहे असेच गृहीत धरले जाते; म्हणून तिची बाब बाहेर कळवण्यापूर्वी तिला विचारावे लागते. इतरांना धोका असल्यास वा गुन्हा घडला असल्यास अपवाद करता येतो. पापनिवेदनातील गुप्तता हा मात्र जुना पेच आहे : कॅथलिक नियम तिला अपवाद मानत नाही, तर अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, बाजूने 1603 च्या 113 व्या नियमाचे गुप्तता राखायला सांगणारे परंतुक अजून रद्द झालेले नाही.

भारत : भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने 2010 मध्ये स्त्री-पुरुष समतेविषयी धोरण आणि 2017 मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. दुसऱ्यामागे 2013 चा केंद्रीय कायदा आहे. त्यातील ‘कर्मचारी’ या व्याख्येत बिनपगारी स्वयंसेवकही येतात. त्यामुळे गायनवृंद चालवणारी वा रविवारच्या शाळेत शिकवणारी स्त्रीही, चर्चला कामाचे ठिकाण मानल्यास, तक्रार करू शकते असा अर्थ निघतो. तक्रारीची मुदत तीन महिने आहे, ती आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवता येते. अनेक वर्षे मनात दाबून ठेवलेल्या अनुभवांना ती अपुरी पडते, आणि पुरुष तक्रारदार या कायद्याच्या बाहेरच राहतो. अधिकारपदाचा वा विश्वासाच्या नात्याचा गैरफायदा घेऊन ठेवलेला संबंध भारतीय न्याय संहितेच्या 68 व्या कलमाखाली गुन्हा ठरू शकतो. तेही कलम पीडित स्त्रीपुरतेच आहे. अपंग व्यक्तींसाठी 2016 च्या कायद्याचे सातवे कलम कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाण्याची वाट देते.

केरळमध्ये 2018 साली एका धर्मभगिनीने जालंधर धर्मप्रांताच्या तत्कालीन बिशपांविरुद्ध बलात्काराची तक्रार दिली. तिच्या सोबतच्या भगिनी कोचीत उघड्यावर धरणे धरून बसल्या, हे भारतीय चर्चला अगदी नवे होते. त्याच सप्टेंबरमध्ये बिशपांना अटक झाली. जानेवारी 2022 मध्ये कोट्टयमच्या सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, त्यावर उच्च न्यायालयात अपील दाखल झाले आणि 2023 मध्ये बिशपांनी पद सोडले. निकाल काहीही असो, व्रतस्थ स्त्रीने तक्रार कोणाकडे करायची, हा प्रश्न या प्रकरणाने ऐरणीवर आणला. ती ज्या मठात राहते, जेवते, औषधपाणी घेते, तोच मठ अनेकदा बिशपांच्या अखत्यारीत असतो.

महाराष्ट्राचा या घडामोडींशी एक थेट दुवा आहे. फेब्रुवारी 2019 मधील व्हॅटिकन बैठकीच्या आयोजकांत मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस होते. ती बैठक मात्र अज्ञान मुलांच्या संरक्षणासाठी बोलावली होती. आध्यात्मिक छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरवावा की नाही, याच्या विचारासाठी व्हॅटिकनने कार्यगट नेमण्याचे ठरवले, ते नोव्हेंबर 2024 मध्ये.