मासामुनेचा उजवा डोळा

उजव्या डोळ्यावर पट्टी आणि शिरस्त्राणावर सोनेरी चंद्रकोर. जपानी सरदार दाते मासामुने म्हटलं की हेच चित्र समोर येतं. चंद्रकोर खरी आहे. ती असलेलं काळं चिलखत सेंदाई शहराच्या संग्रहालयात आहे. पट्टी मात्र पडद्यावरची. १९४२ च्या एका चित्रपटात ती दिसली आणि १९८७ च्या, एनएचके या जपानी वाहिनीच्या मालिकेने ती घरोघरी नेली. त्याच्या हयातीतल्या कागदपत्रांत तिचा पत्ता नाही.

मासामुनेचा जन्म १५६७ मधला, योनेझावाचा. लहानपणी देवी आल्या आणि उजवा डोळा गेला, इथवर वाद नाही. पुढे कथेला फाटे फुटतात. कुणी म्हणतं, बाहेर आलेलं बुबुळ त्याने स्वतःच उपटलं. कुणी म्हणतं, विश्वासू काताकुरा कोजुरोने ते सुरीने काढलं. त्याची समाधी, झुइहोदेन, १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाली. ती पुन्हा बांधण्याआधी १९७४ मध्ये उत्खनन झालं. हाडांवरून उंची सुमारे १५९ सेंटिमीटर निघाली, आणि डोळ्याच्या खोबणीला इजा झाल्याची खूण दिसली नाही. अर्थात, मांसल भागाची जखम हाडावर उमटतेच असं नाही.

‘एकाक्ष ड्रॅगन’ हे बिरुदही उसनं. मूळ ते तांग काळातला चिनी सेनापती ली केयोंग याचं. मासामुनेला ते चिकटलं राई सान्यो या कवी-इतिहासकारामुळे, म्हणजे मृत्यूनंतर जवळपास दोनशे वर्षांनी.

आईची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. घराण्याच्या बखरी सांगतात: १५९० मध्ये योशिहिमेने धाकट्यासाठी थोरल्यावर विषप्रयोग केला, मासामुनेने भावाला मारलं आणि आई लगेच माहेरी, यामागाताला पळाली. पण त्याच्या गुरूच्या पत्रावरून ती १५९४ मध्ये घर सोडून गेली असं दिसतं. मधल्या काळात कोरियाच्या मोहिमेवरून मासामुनेने तिला मायेची पत्रं लिहिली होती. विष घालणाऱ्या आईला कुणी अशी पत्रं लिहील का? मला तरी ही कथा भावाच्या हत्येवर नंतर घातलेलं पांघरूण वाटते.

डोळ्याबद्दल स्वतः मासामुनेला काय वाटत होतं? आपल्या चित्रांत दोन्ही डोळे दाखवावेत, अशी त्याची इच्छा असल्याचं सांगतात, आणि बरीचशी चित्रं तशीच आहेत. तो १६३६ मध्ये वारला. सतराव्या स्मृतिवर्षी पत्नीने करवून घेतलेला चिलखतातला लाकडी पुतळा मात्सुशिमाच्या झुइगानजी मंदिरात आहे. त्याचा उजवा डोळा किंचित बारीक आहे.