पायदळाच्या जिल्ह्यातून वायुदलप्रमुख

साताऱ्यात कुणाचा मुलगा वायुदलात असला तरी घरचे सांगताना 'मिलिटरीत आहे' असंच सांगतात. नौदलात असला तरी तेच. ही सवय उगाच लागलेली नाही. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले. पण ही सगळी परंपरा पायदळाची. मराठा रेजिमेंटमध्ये भरती व्हायचं, शिपायाचं नाईक, नाईकाचं हवालदार व्हायचं, नशीब असेल तर सुभेदार, आणि मग पेन्शन घेऊन परत शेतावर. याच साताऱ्यातल्या शाळेत शिकलेले प्रदीप नाईक मात्र पुढे वायुदलप्रमुख झाले, ही त्यांची आणि त्या शाळेची गोष्ट.

विमान चालवायचं तर अधिकारीच व्हावं लागतं. अंगात रग असून भागत नाही, गणित यावं लागतं, आणि मुलाखतीत गप्प बसून चालत नाही. ही तयारी करून घेणाऱ्या शाळा त्या काळी होत्या, पण बहुतेक पैसेवाल्यांच्या आणि लांबच्या. अपशिंग्याच्या हवालदाराचा पोरगा तिथे कुठून जाणार?

सैन्यातले अधिकारी ठरावीक प्रांतांतून आणि ठरावीक घरांतूनच येतात, हे तेव्हाचे संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांना खुपत होतं. त्यातून सैनिक स्कूलची, म्हणजे साध्या घरांतल्या मुलांना अधिकारी व्हायला तयार करणाऱ्या सरकारी शाळेची, कल्पना निघाली. देशातलं पहिलं सैनिक स्कूल २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झालं. कुंजपुरा, कपूरथळा, बालाचडी, चितोडगड इथली स्कूलं त्याच वर्षी, पण मागाहून आली. राज्याचे मुख्यमंत्री तेव्हा होते यशवंतराव चव्हाण. जन्म देवराष्ट्र्याचा, कर्मभूमी कऱ्हाड. देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आहे, पण त्यांच्या जन्मावेळी सांगली जिल्हाच नव्हता, सगळं साताऱ्यातच होतं. त्यामुळे त्यांच्यावर दोन्ही जिल्हे हक्क सांगतात आणि दोघांचंही बरोबर आहे.

पुढच्याच वर्षी चीनचं युद्ध झालं, मेनन यांना पद सोडावं लागलं आणि त्यांच्या जागी यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. १९६२ मध्ये लढाऊ विमानं वापरलीच गेली नव्हती. १ सप्टेंबर १९६५ रोजी जम्मूकडच्या सीमेवरच्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकले, तेव्हा हवाई मदतीची परवानगी मागायला वायुदलप्रमुख अर्जन सिंग यशवंतरावांकडे आले. यशवंतरावांनी ती काही मिनिटांत दिली. संध्याकाळ व्हायच्या आत पठाणकोटहून विमानं उडाली. पहिल्या फेरीतली व्हॅम्पायर विमानं फार जुनी होती, चार गमावली. निर्णयाची किंमत त्याच दिवशी मोजावी लागली, पण वायुदलाला हातावर हात धरून बसवायचं नाही हे त्या दिवशी पक्कं झालं.

त्याच सुमारास सातारच्या सैनिक स्कूलमध्ये एक नागपूरकडचा मुलगा शिकून गेला, प्रदीप वसंत नाईक. जन्म २२ जुलै १९४९ चा, म्हणजे शाळा उघडली तेव्हा बारावं वर्षही पुरं झालं नव्हतं. साताऱ्यातून खडकवासल्याची एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), आणि २१ जून १९६९ रोजी लढाऊ विमानांचे पायलट म्हणून वायुदलात. दोन वर्षांनी १९७१ चं युद्ध आलं, त्यातही ते होते. नाईक हा पायदळातला हुद्दाही आहे, त्यामुळे जुन्या पेन्शनरांना 'नाईकसाहेब वायुदलप्रमुख झाले' हे वाक्य ऐकताना गंमत वाटत असणार.

इथे थोडं थांबायला हवं. एनडीएची लेखी परीक्षा आणि एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडीची मुलाखत, पार पडली की पायलट झालो, असं घरोघरी समजतात. तसं नाही. उडण्यासाठी वेगळी चाचणी असते आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात की दार कायमचं बंद, बाकीच्या शाखा मात्र खुल्या. त्यानंतर मोजमाप. उंची किमान १६२.५ सेंटिमीटर. मग मुलाला भिंतीला टेकवून बसवतात, पाय सरळ करून टाचेपर्यंत मोजतात. ते माप ९९ ते १२० सेंटिमीटरच्या आत यायला हवं, आणि मांडी ६४ पेक्षा लांब चालत नाही. कारण साधं आहे. पाय आखूड असले तर पेडलपर्यंत पोचत नाहीत. मांडी लांब असली तर संकटात सीटसकट बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटतात. सगळ्या विषयांत पहिला आलेला मुलगा इथे एका सेंटिमीटरने परत येतो आणि गावाला त्याचं कारण समजावून सांगता सांगता दमतो.

आत गेल्यावरही शिडी निमुळतीच. स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन या हुद्द्यांपर्यंत विमानाशी नातं घट्ट असतं. एअर कमोडोर झालं की टेबल वाढतं आणि उड्डाणं कमी होतात. नाईक सेंट्रल एअर कमांडचे प्रमुख झाले, मग उपप्रमुख, आणि ३१ मे २००९ रोजी फली मेजर यांच्याकडून त्यांनी वायुदलप्रमुखपद घेतलं. प्रमुखाला तीन वर्षं किंवा वयाची ६२, जे आधी येईल ते. त्यांना दोन वर्षं दोन महिने मिळाले.

तो काळ सोपा नव्हता. दोनच महिन्यांत अपघात झाल्यावर नव्या पायलटांना शिकवणारी एचपीटी-३२ विमानं उडवणं थांबवावं लागलं. वायुदलाची निम्मी सामग्री जुनाट झाली आहे, हे त्यांनी पदावर असताना उघड सांगितलं. त्या खुर्चीत बसून असं बोलणारे थोडे. सहा कंपन्यांच्या लढाऊ विमानांच्या चाचण्याही त्यांच्याच काळात झाल्या आणि एप्रिल २०११ मध्ये यादीत दोनच उरली, राफेल आणि टायफून. लोकांच्या लक्षात मात्र राहिलं ते सचिन तेंडुलकरला मिळालेलं मानद ग्रुप कॅप्टनपद.

सदर बझारातल्या त्या शाळेची पोरं अजून रविवारी पोवई नाक्यावर दिसतात, केस बारीक, हातात कंदी पेढ्याचा पुडा. २०२१ पासून सैनिक स्कूलमध्ये सहावीत मुलींनाही प्रवेश मिळतो. त्या वर्षी आत आलेल्या मुली २०२८ मध्ये बारावी होतील, आणि एनडीएचं दार त्यांच्यासाठी आता उघडं आहे.