मावा सोंड कुठे पुसतो?

संकेश्वरजवळ आमच्या एका काकांच्या मिरचीत उभा होतो. पान उलटं करून भिंग धरलं, तर खाली हिरवट मावा, म्हणजे सोंडेने रस ओढणारी बारीक कीड, आणि मधेमधे कोंड्यासारखे पांढरे कण. काका म्हणाले, "बुरशीपण आलीय बघ. व्हायरसचं औषध दोनदा मारलोय की, तरी पानं पिवळी पडायलीत."

ती बुरशी नव्हती, माव्याने टाकलेली कात होती. आणि माव्याच्या सोंडेतून झाडात शिरलेल्या विषाणूला मारणारी फवारणी अजून निघालेली नाही, बाटलीवर काहीही छापलेलं असो. बांधावरच्या काळ्या बाहुलीइतकाच तिचा उपयोग. बाहुली निदान स्वस्त तरी पडते.

मायझस पर्सिकी नावाचा हा मावा निपाणीच्या तंबाखूवरही बसतो. युरोपात उसाऐवजी शुगरबीटच्या पांढऱ्या कंदापासून साखर काढतात, तिथेही हाच. मधमाश्यांना धोका म्हणून 2018 मध्ये युरोपीय संघाने तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकं उघड्या शेतात बंद केली. आपलं इमिडाक्लोप्रिड त्यांतलंच. मग 2020 चा हिवाळा सौम्य गेला, मावा लवकर उडाला, आणि फ्रान्सचं बीट पिवळं पडून उत्पादन जवळपास 30 टक्क्यांनी घटलं.

पण सगळे विषाणू माव्याच्या अंगात सारखे राहत नाहीत, आणि खरी गंमत तिथेच आहे. बीट मोझॅकचा, म्हणजे पानांवर फिके-गडद चट्टे पाडणारा विषाणू, किंवा मिरचीवरचा काकडी मोझॅक, फक्त सोंडेच्या टोकाशी चिकटतो. एका टोचणीत, काही सेकंदांत लागतो, आणि पुढच्या दोन-चार टोचण्यांत पुसला जातो. बीट यलोज विषाणू जरा आत, अन्ननलिकेच्या अस्तराला धरून दोन-तीन दिवस टिकतो. पण कात टाकताना ते अस्तरही निघून येतं आणि विषाणू कातीबरोबर जातो. तिसरा बीट माइल्ड यलोइंग. तो रसाबरोबर पोटात उतरतो, आतड्याची भिंत ओलांडून माव्याच्या रक्तात येतो, तिथून लाळग्रंथीत. यात काही तास ते एखादा दिवस जातो, पण मग तो मावा मरेपर्यंत रोग वाटत फिरतो. कात टाकूनही सुटका नाही. पिल्लांना मात्र आईकडून तो मिळत नाही.

म्हणून एकच कीटकनाशक एका रोगावर चालतं, दुसऱ्यावर नाही. तिसऱ्या प्रकारात माव्याला बराच वेळ बसून रस ओढावा लागतो, तेवढ्यात औषध त्याला गाठतं. पहिल्या प्रकारात मरण्याआधीच त्याचं काम झालेलं असतं. उलट काही औषधांनी तो बिथरतो आणि चार झाडं जास्त टोचतो.

इंग्लंडमधले बीटवाले पाणी भरलेल्या पिवळ्या थाळ्यांत उडता मावा धरतात आणि रोपाला बारा पानं येईपर्यंत पानं उलटी करून मोजतात. चार रोपांमागे बिनपंखी हिरवा मावा एक दिसला, की फवारणी. त्याआधी नाही. थोराड झालेलं बीट रोगाला तितकंसं जुमानत नाही.

मिरचीच्या मोझॅकला उपाय साधा आहे: कडेने मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी. बाहेरून आलेला मावा आधी तिथे टोचून बघतो, सोंड तिथेच पुसली जाते. पांढऱ्या माशीच्या बोकड्याला, म्हणजे पानं आकसून वळणाऱ्या रोगाला, मात्र ही युक्ती पुरत नाही, कारण तो विषाणू तिसऱ्या जातीसारखा माशीच्या अंगात मुरलेला असतो.

काकांनी यंदा मका टोकलाय, पण मिरची लावली त्याच दिवशी. पंधरा-वीस दिवस आधी टोकला असता तर आतापर्यंत आडोसा झाला असता.