वेब घटकांच्या प्रॉपर्टी पॅनेलमागचा इतिहास

तारकर्ली, गुहागर, हर्णैतल्या होमस्टेंसाठी एकच वेबसाइट असेल, तर खोलीची माहिती दाखवणारा घटक एकदाच लिहायचा. पण गाव वेगळं, दर वेगळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीची ओळ झाकायची. हे बदल होमस्टेवाल्यालाच करता यावेत, दरवेळी प्रोग्रामरला फोन लागू नये. घटकाचे बदलता येणारे गुणधर्म, म्हणजे प्रॉपर्टी, एका पॅनेलमध्ये दाखवणाऱ्या या सोयीचं मूळ डेस्कटॉपवर आहे.

१९९१ च्या व्हिज्युअल बेसिक या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनात बटण निवडलं की प्रॉपर्टीजच्या पट्टीत त्याचं कॅप्शन, म्हणजे त्यावरचा मजकूर, बदलता येई. १९९७ मध्ये जावा भाषेच्या जेडीके १.१ या साधनसंचासोबत आलेल्या जावाबीन्स या घटकांनी 'गेट' आणि 'सेट' या मेथडच्या नावांवरूनच प्रॉपर्टी ओळखण्याची रीत घातली. तरी बदलणारा प्रोग्रामरच होता.

वेबवर खरी कलाटणी मायक्रोसॉफ्टच्या वेबपार्टनी, म्हणजे पानावर मांडता येणाऱ्या तयार घटकांनी दिली, असं मला वाटतं. वेबसाइट बनवण्याच्या २००५ च्या एएसपी डॉट नेट २.० मध्ये प्रॉपर्टीवर 'वेबब्राउझेबल' लिहिलं की ती संपादनाच्या पॅनेलमध्ये दिसे, 'पर्सनलायझेबल' लिहिलं की तिला दिलेलं मूल्य साठवलं जाई. हो-नाही असेल तर चेकबॉक्स, ठरावीक पर्याय असतील तर ड्रॉपडाउन आपोआप तयार होई. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे स्कोप. बदल सगळ्यांना दिसणार की फक्त त्या वापरकर्त्याला, हे प्रॉपर्टी लिहितानाच ठरवता येई. खोलीचा दर सगळ्यांना एकच दिसायला हवा. तो 'शेअर्ड'च ठेवायचा.

वेबसाइट चालवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीत २००८ पासून शॉर्टकोड, म्हणजे मजकुरात चौकटी कंसात लिहायच्या घटकांच्या खुणा होत्या, पण त्यांचे गुणधर्म हाताने टाइप करावे लागत. डिसेंबर २०१८ च्या ५.० आवृत्तीतल्या ब्लॉक एडिटरनं ते बाजूच्या पॅनेलमध्ये आणले. त्याआधी, २०१७ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्याच शेअरपॉइंट फ्रेमवर्कनंही स्वतःचं प्रॉपर्टी पेन दिलं होतं.

दरम्यान ब्राउझरमध्येच वेब कंपोनंट्स, म्हणजे स्वतःचे एचटीएमएल टॅग बनवण्याचं मानक, रुजले. ऑक्टोबर २०१८ मध्ये फायरफॉक्स ६३ नेही ते स्वीकारले. मात्र या मानकात संपादनाचं पॅनेल नाही, आणि एचटीएमएलमधला अॅट्रिब्यूट, म्हणजे टॅगमध्ये लिहिलेला गुणधर्म, हा नुसता मजकूर असतो. आपल्याकडे हे लगेच जाणवतं. मालकानं दर देवनागरीत '१८००' लिहिला, तर जावास्क्रिप्टच्या 'नंबर'ला तो आकडा वाटतच नाही, हाती 'नॅन' (आकडा नाही) येतं. देवनागरी अंक आधी इंग्रजी अंकांत बदलून घ्यायचं काम घटक लिहिणाऱ्यावरच येतं.