सॅग वेगळा, डाउन व्होल्टेज वेगळं

औसा तालुक्यातल्या एका ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्या पोराला मी व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओसारखा काचेच्या नळ्यांचा) अँप बांधून दिला होता. आउटपुटला दोन ६व्ही६ व्हॉल्व्ह, एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरला ५वाय३ व्हॉल्व्ह, सर्किट फेंडर कंपनीच्या जुन्या ५ई३ डिलक्स अँपचं. काही महिन्यांनी त्याचा फोन आला. “दादा, अँप दिवसा कडक वाजतो, पण सांच्याला लई मऊ होतो. सॅग म्हणतेत ते हेच का?”

नाही, हे ते नाही. पण घोटाळा सहज होण्यासारखा आहे, कारण दोन्हीत व्होल्टेज कमीच होतं.

पिठाची गिरणी शेजारी असलेल्यांना हा फरक लगेच कळेल. गिरणीचा खटका दाबला की घरातला बल्ब क्षणभर मिचकतो आणि परत उजळतो. मोटारीने एकदम करंट ओढला, तारेत तेवढं व्होल्टेज पडलं, ओढ संपली की परत आलं. आता शेतीच्या थ्री फेजची पाळी रात्रीची धरा. डीपीवरच्या सगळ्या मोटारी सुरू आहेत आणि तोच बल्ब पहाटेपर्यंत पिवळा. (एलईडी आल्यापासून ही गंमत दिसत नाही, साठ वॅटचा जुना बल्ब डोळ्यांसमोर आणा.) मिचकणं म्हणजे सॅग. पिवळं राहणं म्हणजे डाउन व्होल्टेज.

अँपमध्ये गिरणीची मोटार म्हणजे तुमचा उजवा हात. कॉर्ड जोरात मारला की आउटपुट व्हॉल्व्ह जास्त करंट मागतात. तो येतो ट्रान्सफॉर्मरच्या तारेतून आणि रेक्टिफायरमधून. ५वाय३ चा स्वतःचा अडथळा मोठा: पूर्ण १२५ मिलीअँपिअर ओढले तर पन्नासेक व्होल्ट त्याच्यातच जातात. माझ्या बाकावर शांत असताना मीटर एचटी, म्हणजे रेक्टिफायरमधून व्हॉल्व्हना मिळणारं मोठं डीसी व्होल्टेज, ३६० दाखवतो, कॉर्ड मारला की वीसेक व्होल्टने खाली येतो आणि सूर विरायला लागला की परत चढतो. कानाला काय होतं? आघात थोडा दबतो आणि मागून सूर फुगून वर येतो. ही ‘दबून उठण्याची’ चाल वाजवणाऱ्याच्या बोटाला कळते, समोर बसलेल्याला फारशी नाही.

जीझेड३४ या दुसऱ्या व्हॉल्व्ह रेक्टिफायरमध्ये हेच नुकसान वीस व्होल्टच्या आत राहतं. व्हॉल्व्हऐवजी सिलिकॉनचे १एन४००७ डायोड लावले तर जेमतेम एक व्होल्ट. म्हणून ‘व्हॉल्व्ह रेक्टिफायर म्हणजे सॅग’ हे सरसकट वाक्य चुकीचं आहे. त्याची दुसरी बाजूही ऐका. फेंडरच्या जुन्या चॅम्प अँपमध्ये ५वाय३ च आहे, पण आउटपुटला एकच ६व्ही६, क्लास ए मध्ये. तो शांत असतानाही जवळजवळ तेवढाच करंट ओढतो. ओढ बदलतच नसेल तर दबणार काय?

ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंगही यात सामील आहे, हे मी अनुभवाने शिकलो. आपल्याकडे मोटार रिवायंडिंगची दुकानं पुष्कळ. तिथूनच मी ट्रान्सफॉर्मर भरून घेतो. एकदा कारागिराने ‘गरम नको व्हायला’ म्हणून सांगितल्यापेक्षा जाड तार भरली. माणूस प्रेमाने वागला, अँप मात्र लाकडासारखा ताठ निघाला.

आता डाउन व्होल्टेज. यात अँपचं सगळंच एका प्रमाणात उतरतं. पोराला मीटर लावायला सांगितलं, तर संध्याकाळी सॉकेटला १८८. म्हणजे ३६० चे झाले २९५ च्या आसपास, आणि व्हॉल्व्हला आतून तापवणारा ६.३ व्होल्टचा हीटर ५.१५ वर. खरा त्रास इथे आहे. हीटरला साधारण दहा टक्के वरखाली चालतं, म्हणजे ५.६७ पर्यंत. त्याखाली कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) पुरेसा तापत नाही आणि व्हॉल्व्ह मरगळतो. आवाज मऊ वाटतो खरा, पण तो मऊच राहतो, दबून उठत नाही.

या गोंधळाला अमेरिकन गिटारवादक एडी व्हॅन हेलनही थोडा कारणीभूत आहे. त्याने व्हेरिॲक (मूठ फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) लावून आपल्या मार्शल अँपला मुद्दाम कमी व्होल्टेज दिलं, आणि तेव्हापासून लोक कमी व्होल्टेज आणि सॅग एकाच तागडीत तोलतात. त्याचं व्होल्टेज त्याच्या हातातल्या मुठीवर होतं. आपलं शेजारच्या विहिरीवरच्या मोटारीवर आहे.

ज्या रात्री मोटारी बंद असतात, त्या रात्री उलटी तऱ्हा होते, सॉकेटला २५० सुद्धा दिसतात. रेक्टिफायरला डायोड लावलेल्या अँपमध्ये ट्रान्सफॉर्मर ३२५-०-३२५ चा असेल तर प्रत्येक डायोडवर उलटं व्होल्टेज एरवी ९१९ पर्यंत जातं. २५० ला ते हजाराला टेकतं, आणि १एन४००७ ची मर्यादा हजारच आहे. म्हणून इकडे प्रत्येक बाजूला दोन डायोड सिरीजमध्ये लावा. दोन-चार रुपयांची काटकसर करू नका.

“पण स्टॅबिलायझर लावला तर सॅग जाईल ना?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. जात नाही. स्टॅबिलायझर भिंतीकडचं व्होल्टेज सांभाळतो, सॅग अँपच्या पोटात होतो. फक्त रिलेवाला घेऊ नका, ऐन गाण्यात टक-टक करून उड्या मारतो. सर्व्होवाला घ्या.

जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची तऱ्हा तिसरीच. त्यावर हीटर व्यवस्थित तापतो, कारण त्याला आरएमएस, म्हणजे तापवण्याच्या हिशेबाने मोजलेलं व्होल्टेज, लागतं. पण कपॅसिटर भरतो शिखरापर्यंत, आणि चौकोनी लहरीला शिखरच नसतं. साइनच्या २३० ला ३२५ चं शिखर मिळतं, इथे २३०. म्हणजे हीटर ठीक, एचटी तीस टक्के गायब, वर भुणभुण वेगळी.

ओळखायचं कसं? एक मीटर सॉकेटला, दुसरा रेक्टिफायरनंतरच्या पहिल्या कपॅसिटरवर. दुसऱ्याच्या क्लिपा अँप बंद करून, कपॅसिटर रिकामा करूनच लावायच्या, कारण ३६० व्होल्ट दुसरी संधी देत नाहीत. मग कॉर्ड मारा. सॉकेट जागचं हललं नाही आणि एचटी झुकून परत आलं, तर सॅग. सॉकेटच मुळात खाली असेल, तर आधी ते बघा.

पोराने सर्व्हो स्टॅबिलायझर घेतला. आठ दिवसांनी परत फोन. “दादा, आता सकाळ-सांच सारखाच वाजतो. पण तो मऊपणा गेला की!” मग त्याला खराच सॅग वाढवून दिला. ५वाय३ आणि पहिल्या कपॅसिटरच्या मधे वायरवाउंड रेझिस्टर, १०० ओहमपासून बदलत बदलत, तो वाजवत आणि मी सोल्डर करत. २२० ला तो थांबला. कपॅसिटर झटक्याझटक्याने भरतो, त्यामुळे रेझिस्टर हिशेबापेक्षा जास्त तापतो. म्हणून वीस वॅटचा घेतला आणि टॅगबोर्डपासून बोटभर वर उचलून बसवला.